नॅरोगेजचं टपाल : डबा खालून वर बांधावा

गेल्या महिन्यात याच पानावर मी माझ्या टेबलावरच्या बार्शी लाईटबद्दल, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शी या नॅरोगेज रेल्वेच्या छोट्या मॉडेलबद्दल, लिहिलं होतं. कुर्डुवाडीचा फलाट, एक वळण, एक शेड आणि उरलेल्या जागेत ज्वारीचं रान, एवढीच ती मांडणी. त्यावर आलेल्या पत्रांत इंजिनाबद्दल दोनच प्रश्न होते, बाकी सगळे डब्यांबद्दल. मला याचा फार आनंद झाला. माझे वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज कारखान्यात डब्यांच्या सुतारकामावर होते. मी पुढे आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवलं, पण डब्याकडे बघायचं कसं हे घरीच शिकले. निवडक पत्रांना इथं उत्तरं देते. नावं छापत नाही, गावं तेवढी देते.

उत्तरांआधी एक शब्द स्पष्ट करते, कारण निम्मा घोटाळा त्याचाच आहे. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतात. या पानावर बोगी म्हणजे डब्याच्या पोटाखाली फिरणारी चार चाकांची चौकट. वडील तिला ट्रॉली म्हणायचे.

पुण्याहून एक वाचक : ताई, कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिल्यापासून डोक्यात हेच आहे. माझ्याकडे ४ फूट बाय २ फुटांचं टेबल आहे. त्यावर बार्शी लाईट करायची तर माप कोणतं घेऊ, रूळ कोणते घेऊ आणि डबा किती लांब करू?

माप एच-ओ घ्या. एच-ओ म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग, पण मी तो भागाकार कधी करत बसत नाही. एच-ओमध्ये खरा १ फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, एवढं पाठ असलं की पुरतं. बार्शी लाईट आखलेलीच फूट-इंचांत. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट. अडीच गुणिले साडेतीन, ८.७५ मिमी. बाजारात एन नावाच्या, एच-ओहून लहान मापाचे रूळ मिळतात ते ९ मिमीचे. पाव मिलिमीटर कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. तेव्हा रूळ आणि चाकं एनची, आणि डबा, माणूस, फलाट, बाभूळ सगळं एच-ओचं.

एनच्या रुळांत एक खोट आहे. ते मोठ्या लाईनीची नक्कल म्हणून केलेले असतात, त्यामुळे स्लीपर बारीक आणि दाट दिसतात. नॅरोगेजसाठी म्हणून वेगळे ९ मिमीचे रूळ विकतात, त्यांचे स्लीपर रुंद आणि विरळ असतात. परवडलं तर तेच घ्या. नाही तर मी करते तसं करा, वस्त्रगाळ माती फेविकॉलच्या पाण्यात बसवून स्लीपर जवळजवळ बुजवून टाका.

आता लांबी. २ फुटी टेबलावर गोल लाईन टाकली तर कडा सोडून त्रिज्या २८० मिमीच्या वर जात नाही. हिशोबापुरता ४० फूट लांब आणि ७ फूट रुंद डबा धरू. तो झाला १४० मिमी लांब, साडेचोवीस मिमी रुंद. म्हणजे त्रिज्या डब्याच्या बरोबर दुप्पट. दुप्पट त्रिज्येवर डबा कसाबसा फिरतो, अडीचपटीवर भरवशानं फिरतो आणि तिपटीवर बघायलाही बरा वाटतो. कागदावर करून बघा. दोन बोगींच्या मध्यांतलं अंतर ९५ मिमी आहे असं समजा. ९५ चा वर्ग ९०२५, त्याला त्रिज्येच्या आठपटीनं, म्हणजे २२४० नं भागलं की आलं ४ मिमी. वळणावर डब्याचं पोट एवढं आत सरकतं. टोकांसाठी १४० च्या वर्गातून ९५ चा वर्ग वजा करा आणि पुन्हा २२४० नं भागा. पावणेपाच मिमी. टोकं तेवढी बाहेर झेपावतात. वळणाला लागून फलाट ठेवलात तर डबा तो खरवडतच जाणार.

म्हणून डबा आखूड करा, पण खिडकी आखूड करू नका. याबाबत मी ठाम आहे. सगळा डबाच थोडा थोडा दाबून बसवायचा मोह होतो, आणि तिथंच डब्याचं खेळणं होतं. खिडकीची रुंदी, दाराची उंची, पायरीचं अंतर ही माणसाच्या अंगाची मापं आहेत, त्यांना हात लावायचा नाही. त्याऐवजी दोन खिडक्या त्यांच्या मधल्या पट्ट्यांसकट काढून टाका. ३० फुटी डबा १०५ मिमीचा होतो. तुमची त्रिज्या त्याच्या अडीचपटीच्या वर गेली, आणि डबा अजूनही माणसांसाठी केलेला दिसतो.

आणि सुरुवात खालून करा. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं बार्शी लाईट आखताना डब्याच्या रूपाचा विचार आधी केला नव्हता. चाकांच्या एका जोडीवर, म्हणजे एका आसावर, ५ टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही हे त्यानं आधी ठरवलं. मग इंजिन असो, मालाचा डबा असो की माणसांचा, सगळे त्या हिशोबात बसवले. भार सारखा वाटला गेला की हलका रूळ चालतो, आणि हलका रूळ चालला की कापसाच्या गावाला परवडेल अशी लाईन होते. चौकटी त्यानं दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या केल्या, म्हणजे वजन कमी राहून ताकद तीच. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून या गाड्यांच्या चाचण्या घेतल्या. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली.

मी पहिला डबा नेमका उलटा केला होता. दोन महिने बाजू कोरल्या, दारांना कड्या केल्या, छप्पर रंगवलं, आणि शेवटी बोगी लावायला गेले तर चाकं तळाला घासायला लागली. मग तीन मिलिमीटरचे तुकडे घालून डबा वर उचलला. तो काठ्यांवर उभा केल्यासारखा दिसायचा. वडिलांनी हातात घेतला, उलटा केला आणि एवढंच विचारलं, "चौकट कुठाय?" तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बोगी विकत आणायच्या. मग १ मिमी स्टायरीनची, म्हणजे प्लास्टिकच्या पत्र्याची, तळपट्टी आणि तिच्याखाली दोन लांब कडा, एवढीच चौकट. ती उघडी चौकट वजन ठेवून सगळ्या रुळांवर, सगळ्या सांध्यांवर फिरवायची. ती चालली, मगच बाजूंना हात लावायचा. छप्पर सगळ्यांत शेवटी.

लातूरहून, इयत्ता नववी : काकू, माझ्याकडे स्टायरीन नाही. पुठ्ठ्याचा डबा चालेल का? किती दिवस टिकतो?

चालेल, आणि नीट केलास तर वर्षानुवर्षं टिकेल. माझ्या कपाटात पुठ्ठ्याचे दोन डबे आहेत आणि त्यांच्या कडा अजून सरळ आहेत.

घरात जुन्या लग्नपत्रिका असतील, जाड आणि गुळगुळीत. दोन्ही बाजूंसाठी तो कागद उत्तम. एका पत्रिकेवर बाजूचं चित्र कडक पेन्सिलीनं काढ. १ फूट म्हणजे साडेतीन मिमी हे विसरू नकोस. आता बाहेरची कड कापू नकोस. आधी खिडक्या काप. सभोवती कागद शिल्लक असतो तोवर पट्ट्या ओढल्या जात नाहीत आणि फाटत नाहीत. प्रत्येक खिडकी कोपऱ्यातून सुरू करून मध्यापर्यंत काप, मग समोरच्या कोपऱ्यातून मध्यापर्यंत ये. म्हणजे पातं कोपऱ्याच्या पुढे घसरत नाही. दाबून एकदा कापण्यापेक्षा हलक्या हातानं चारदा ओढ. पातं नवं हवं. कापताना मोठं कुणी तरी शेजारी असू दे, आणि दुसऱ्या हाताची बोटं पट्टीच्या मागे राहू देत.

कापून झालं की बाजू पॉलिशमध्ये भिजव. सुताराकडे चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेली असते. वाटीभर मागितलीस तर कुणी नाही म्हणणार नाही. दोन्ही अंगांनी ब्रशनं लाव आणि वाळू दे, असं दोनदा कर. कागद ती पितो आणि कडक होतो, तासता येतो, पाण्याच्या रंगानं फुगत नाही. एकाच अंगाला लावलीस तर मात्र वाकेल.

छपराचं काम मला सगळ्यांत आवडतं. पत्रिकेचा एक तुकडा किंचित ओला कर, लाटण्यावर गुंडाळ, वरून सुती फडकं घट्ट बांध आणि रात्रभर ठेव. सकाळी त्याला गोलाई आलेली असते. मग त्यालाही लाख दे. बाकांना आइस्क्रीमच्या काड्या आहेतच. चाकांसाठी मात्र पैसे साठव, एनच्या दोन बोगी विकतच्याच लागतात. तोवर डबा रुळावर नुसता ठेव, त्याचं चित्र काढ, बाजूला माणूस उभा करून माप बरोबर वाटतं का ते बघ. साडेपाच फुटांचा माणूस १९ मिमीचा. तो दारातून वाकून आत जात असेल तर दार पुन्हा काढावं लागेल.

सोलापूरहून एक वाचक : स्टायरीनच्या बाजू सुंदर झाल्या होत्या. दीड महिन्यात मध्ये बाक आला, केळ्यासारखा. कशामुळे?

तुम्ही पत्रात लिहिलंय की बाहेरचा थर अर्ध्या मिमीचा आणि आतला एक मिमीचा, दोन्ही लिक्विड सिमेंटनं पूर्ण चिकटवले. उत्तर त्यातच आहे. हा द्रव चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो आणि मग उडून जातो. दोन थरांच्या मध्ये जास्तीचा राहिला तर त्याला उडायला वाट नसते. तो आठवडेच्या आठवडे आत राहून प्लास्टिक मऊ करत राहतो. पातळ थर आधी ओढला जातो आणि बाजू वाकते. चिकटवल्याच्या दिवशी काही दिसत नाही, म्हणून कारण लक्षात येत नाही.

उपाय तीन आणि तिन्ही करायचे. द्रव कमी वापरा, खिडक्यांच्या कडांनी आणि मध्ये थोड्या ठिकाणी. आतल्या थराला, जो प्रवाशाच्या बाजूला येतो, १ मिमीची भोकं ओळीनं पाडा, म्हणजे वाफ निघून जाईल. आणि चिकटवल्यावर दोन काचांच्या मध्ये दाबून निदान दोन दिवस ठेवा, काचांवर जाडजूड पुस्तकं ठेवून. खोलीची खिडकी उघडी ठेवूनच हे काम करावं, या द्रवाची वाफ चांगली नाही.

चौथी गोष्ट मी वडिलांकडून घेतली. लांब बाजू एकटी कधीच सरळ राहत नाही, तिला आडवा आधार लागतो. डब्यात कप्प्यांच्या आडव्या भिंती घाला, दर ३० ते ३५ मिमीवर एक, तळाला आणि बाजूला काटकोनात चिकटवून. बाहेरून कुणाला त्या दिसतही नाहीत. तुमच्या वाकलेल्या बाजू टाकून देऊ नका. उलट दिशेला हलका बाक देऊन अशा भिंतींवर ओढून बसवा, बहुतेक सरळ होतील. आणि सोलापूरचा मे महिना ध्यानात ठेवा. उन्हात उभ्या मोटारीत डबे ठेवून लग्नाला गेलात तर कोणताच उपाय कामाला येणार नाही.

काचांबद्दल विचारलंय. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा रंगकाम झाल्यावर बसवा आणि फेविकॉलनं बसवा. फेविक्विकची वाफ काचेवर पांढुरकी बुरशी धरल्यासारखी बसते आणि ती निघत नाही.

नागपूरहून एक वाचक : आमच्याकडे सातपुड्याची छोटी लाईन होती, तिच्यावरून दोन डबे केले. रूळ सरळ असेल तर छान चालतात, काट्यावर, म्हणजे रूळ फाटतात तिथं, आले की एक चाक उचललं जातं आणि डबा उतरतो. रूळ तीनदा बदलले.

रूळ बदलू नका, त्यांचा दोष नाही. तुमचा डबा चौरंगासारखा बसलाय.

चौरंग शेणाच्या जमिनीवर ठेवला की डुगडुगतो, तिपाई डुगडुगत नाही. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतातच. डब्याच्या दोन्ही बोगी स्क्रूनं सारख्याच घट्ट बसवल्या की तो चार कोपऱ्यांवर उभा राहतो, आणि रुळाची एक बाजू कागदाइतकी जरी खाली गेली तरी एक चाक अधांतरी राहतं. काट्यात नेमकं तेच चाक चुकीच्या बाजूला जातं. म्हणून एक बोगी अशी बसवा की ती फक्त डावी-उजवीकडे फिरेल, बाजूंना झुकणार नाही. तिच्या स्क्रूजवळ दोन्ही अंगांना अर्ध्या मिमीच्या दोन पट्ट्या चिकटवा, त्यांच्यावर ती टेकेल. दुसरी बोगी एकाच बारीक वायसरवर सैल ठेवा, ती फिरेलही आणि झुकेलही. दोन पट्ट्या आणि एक वायसर, झाली तिपाई. डबा टेबलावर ठेवून एका चाकाखाली पोस्टकार्ड सरकवा. सातही चाकं टेकलेलीच राहिली तर काम झालं.

तरीही उतरत असेल तर वजन करा. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मिळतो, तो घ्याच. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एन मापासाठीची शिफारस अशी आहे, आधी अर्धा औंस, मग लांबीच्या प्रत्येक इंचाला ०.१५ औंस. १०५ मिमीच्या डब्याला ते ३२ ग्रॅम येतं, १४० मिमीच्याला ३८ ग्रॅम. आपले डबे एनच्या डब्यांपेक्षा उंच आणि रुंद असतात, म्हणून मी त्यावर तीन-चार ग्रॅम जास्त ठेवते. त्याहून जास्त नको, छोट्या इंजिनाला ओढायचंय. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रेकमधल्या, म्हणजे एका गाडीत जोडलेल्या, सगळ्या डब्यांचं वजन जवळपास सारखं असू द्या. हलका डबा दोन जड डब्यांच्या मध्ये आला की वळणावर आत ओढला जाऊन पडतो. वजन तळाला, बाकांच्या खाली. पोलादी वायसर ओळीनं चिकटवले तरी भागतं.

आणखी दोन तपासण्या. एक मीटरची फळी घ्या, तिच्यावर रूळ ठेवा आणि एक टोक २ सेंमी उचला. डबा आपणहून सुटला पाहिजे. नाही सुटला तर आस बोगीच्या कडेला घासतोय. दुसरं, डावं वळण संपून लगेच उजवं वळण लागतंय का बघा. मध्ये एका डब्याच्या लांबीइतका तरी सरळ तुकडा हवा. आणि डबे जोडायची कडी डब्याच्या चौकटीला न लावता बोगीला लावा. टोकं किती झेपावतात त्याचा हिशोब वर दिलाच आहे, कडी चौकटीला असेल तर ती झेप शेजारच्या डब्याला रुळाबाहेर ढकलते.

ठाण्याहून एक वाचक : माथेरानची गाडी याच रुळांवर चालेल का?

चालेल, पण एच-ओमध्ये नको. माथेरानचा गेज २ फूट, तो एच-ओत ७ मिमी होतो. ९ मिमीवर गाडी फेंगडी दिसेल. १ फुटाला ४ मिमी हे ब्रिटिश माप घ्या, मग ८ मिमी येतो आणि एक मिमीचा फरक खपून जातो. चढ मात्र जपून. नेरळ-माथेरानचा १ ला २० चा चढ म्हणजे टेबलावर मीटरला ५ सेंमी. डब्यांच्या वजनाचा विसावा हिस्सा नुसता चढच मागे ओढतो, शिवाय वळणाची घासणी. छोट्या इंजिनामागे तीन डबे पुष्कळ झाले. १९०७ च्या या लाईनीची वाफेची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं बांधली, आरेखन पुन्हा कॅलथ्रॉपचं.

इंग्लंडमधून, स्टॅफर्डशायर : माझं माहेर बार्शीचं. इथं घराजवळ एक पायवाट आहे, पूर्वी तिथं छोटी रेल्वे होती आणि ती बार्शीसारखी होती असं एका पाटीवर वाचलं. खरं आहे का? मला तिचे डबे करावेसे वाटतात.

खरं आहे, आणि तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ती लीक अँड मॅनिफोल्ड. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, जेमतेम ८ मैल. १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली. गेज अडीच फूट, अभियंता कॅलथ्रॉप, इंजिनं लीड्सच्या किटसनची, आणि बार्शीची पहिली इंजिनंही किटसनचीच होती. बार्शीला जे आधी जमवलं ते त्यानं नंतर तिकडे नेलं, हा क्रम मला नेहमी सांगावासा वाटतो. प्रवासी डबे चारच होते, ४२ फुटी, टोकाला उघडा सज्जा, रंग फिकट पिवळा. हिरव्या इंग्रजी दरीत हे डबे उष्ण देशातून आल्यासारखे दिसत असणार. मोठ्या लाईनीचे मालडबे पाठीवर घेऊन जाणाऱ्या खास गाड्याही तिथं होत्या.

तुमच्यासाठी मापाचं उत्तर वेगळं आहे. तिकडे मिळणारे दरवाजे, कंदील, माणसं, सगळं १ फुटाला ४ मिमीचं असतं. त्या मापात ४२ फुटी डबा १६८ मिमीचा होईल आणि गेज १० मिमी यायला हवा, तो आपण ९ वर चालवून घेतो. मॅनिफोल्ड करायची तर ४ मिमी घ्या, बार्शी करायची तर साडेतीन. रूळ तेच असल्यामुळे दोन्ही गाड्या एका टेबलावर आलटून पालटून धावतील. एका रेकमध्ये मात्र जोडू नका. साडेपाच फुटांचा माणूस एका डब्यात १९ मिमी आणि शेजारच्यात २२ मिमी, हे लगेच दिसतं. डबा लांब आहे, त्रिज्या ४२० मिमी तरी ठेवा. सज्जाचे कठडे अर्ध्या मिमीच्या पितळी तारेचे करा, प्लास्टिकचे पहिल्याच आठवड्यात तुटतात.

मिरजेहून एक वाचक : पंढरपूर-मिरज गाडीनं मी शाळेत असल्यापासून जायचो. लाकडी झिलमिलीच्या झडपा आठवतात. एवढ्या लहान मापात त्या कशा करायच्या?

पट्टी पट्टी लावून होणार नाहीत, प्रयत्न मी केलाय. झिलमिलीची एक पट्टी दीड-दोन इंचांची धरली तर अर्ध्या मिमीच्या आसपास येते. पाव मिमी स्टायरीनवर सुईच्या टोकानं, पोलादी पट्टीला धरून, अर्ध्या मिमीवर समांतर रेघा ओढा. एकच लांब पट्टा करा आणि मग त्यातून झडपा कापा, म्हणजे सगळ्या सारख्या होतात. गडद तपकिरी रंग रेघांत भरू द्या आणि वरचा कापडानं पुसा.

सगळ्या झडपा बंद ठेवू नका. काही अर्ध्या खाली, काही पूर्ण उघड्या. कोण उन्हाच्या बाजूला बसलंय हे त्यावरून ठरवा. तुमची गाडी सकाळी मिरजेहून पूर्वेला निघत असेल तर दक्षिणेच्या बाजूच्या जास्त झडपा खाली असतील. रंग निवडताना डब्बीतला रंग आहे तसा लावू नका, थोडा पांढरा मिसळा. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद दिसतो.

पंढरपूरहून एक वाचक : आषाढीची गाडी करायची आहे, छपरावर वारकरी बसलेले. छप्पर उघडतं ठेवू की चिकटवू? माणसं कुठून आणू?

१९०६ मध्ये ही लाईन पंढरपूरला पोहोचली आणि मग आषाढीची गाडी म्हटलं की छप्परही भरलेलं, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही हा विषय घेतलात हे फार चांगलं केलंत.

छप्पर उघडतंच ठेवा. आतली माणसं, गाठोडी, बाकं पुढेमागे दुरुस्त करावी लागतात. दोन टोकांच्या भिंतींत ३ मिमीचे छोटे चुंबक आणि छपराखाली पोलादी पत्र्याचे तुकडे, एवढ्यानं छप्पर धरून राहतं. आषाढीसाठी एक छप्पर माणसांचं आणि एरवीसाठी एक रिकामं, अशी दोन करा.

परदेशी माणसांची पाकिटं मिळतात, पण ती ओव्हरकोट घालून उभी असतात. मी स्वतःच करते. वायरमधली तांब्याची बारीक तार पिळून सांगाडा, बसलेला माणूस साडेदहा ते अकरा मिमी. एम-सीलचं डोकं, त्यावरच फेट्याचे वळसे सुईनं. धोतर आणि उपरणं टिश्यू पेपरचं, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून. मांडी घातलेले, पाय खाली सोडलेले, एकमेकांना पाठ टेकून बसलेले, अशा चार-पाच तऱ्हा करा आणि त्याच फिरवून वापरा. पताकेला केशरी टिश्यू, काठीला झाडूची काडी तासून. चेहऱ्यावर डोळे काढू नका, ठिपके बाहुलीसारखे दिसतात. कपाळावर बुक्क्याचा एक बारीक काळा टिपका पुरतो.

वजनाचं मात्र बघा. ९ मिमीच्या रुळावर डब्याला मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेचार मिमीचाच आधार आहे. गुरुत्वमध्य रुळापासून १५ मिमीवर असेल तर डबा १७ अंशांच्या आसपास कलंडतो. तळाला वजन घालून तो १२ मिमीवर आणला तर २० अंशांपर्यंत तग धरतो. वीस माणसांचं छप्पर आधी वजनकाट्यावर ठेवा. चार-पाच ग्रॅमच्या आत असू द्या आणि छपराचा कागद स्वतः हलका ठेवा. माणसं दोन्ही कडांना सारखी वाटा.

चिकटवण्याआधी त्यांना छपरावर नुसतं टेकवा आणि डबा हातानं ढकलत फलाटाच्या पत्र्याखालून न्या. माझ्या टेबलावर पुढच्या रांगेतल्या दोघांच्या पताका पत्र्याला लागत होत्या. पत्रा ६ मिमी वर घेतला, पताका तशाच ठेवल्या.